मंगळवारचा डबा गुरुवारी मागव

पत्र

सिस्टर, नमस्कार. मी मेडिसिनला जे-आर-वन आहे, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाची रेसिडेंट डॉक्टर. गाव तापीकाठचं, कॉलेज तिथून एसटीने अडीच तासांवर. खाण्याचं मला वेड आहे. एमबीबीएसला असताना कुठल्या ढाब्यावर शेवभाजीचा रस्सा दाट आणि कुठे नुसती तर्री, हे मला विचारून पोरं निघायची. आता चार महिने झाले, बसून जेवल्याचं आठवत नाही. चहा, बिस्किटं, आणि रात्री दोनला मागवलेली बिर्याणी. वजन पाच किलोने वाढलं, पित्त उसळतं, रोज पॅन्टोप्राझोल गिळते. सिनियर 'खादाड' म्हणतात. सॅम्पल लॅबला पोचल्याशिवाय जेवायला जायचं नाही, असा युनिटचा अलिखित नियम आहे. मागच्या आठवड्यात विषबाधेच्या एका पेशंटला रात्रभर उताऱ्याचं अ‍ॅट्रोपिन देत उभी होते. पहाटे चारला माझ्या मनात काय आलं, तर भरीत! माझीच मला लाज वाटली. तेवढ्यात त्याच्या आईने फडक्यातली अर्धी भाकरी पुढे केली. मी 'नको' म्हणून तोंड फिरवलं. पोरगा वाचला, पण ती भाकरी डोक्यातून जात नाही.

आणखी एक. माय दर मंगळवारी पहिल्या एसटीने डबा पाठवते. सोमवारी गावचा बाजार असतो, म्हणून ताजी भाजी. मंगळवारी आमच्या युनिटची इमर्जन्सी. गुरुवारी डबा उघडते तेव्हा तो फेकावा लागतो. माय फोनवर विचारते, 'भरीत कसं व्हयनं व्हतं?' मी सांगते, 'एक नंबर.' सिस्टर, एमडी होईपर्यंत ही जीभ बाजूला ठेवून द्यावी का?

– एक खादाड डॉक्टर

ता. क. हॉस्टेलच्या खोलीत इंडक्शन ठेवलं तर चालेल का?

उत्तर

ड्यूटीवर असते तर तुला 'मॅडम' म्हटलं असतं. काल पास झालेल्या इंटर्नलाही आम्ही मॅडमच म्हणायचो आणि सलाईन कशी लावायची तेही शिकवायचो. आता पेन्शन घेते, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

पोरी, जीभ बाजूला ठेवायची नाही. का, ते पुढे सांगते. आधी डबा, कारण तुझ्या सगळ्या दुखण्यांत एवढं एकच असं आहे जे याच आठवड्यात बरं होईल.

वार बघ जरा. सोमवारी बाजार, मंगळवारी डबा, मंगळवारीच इमर्जन्सी. ज्या दिवशी तुला पाणी प्यायला फुरसत नाही, नेमकं त्याच दिवशी भरीत तुझ्या दारात येऊन बसतं. बुधवार पोस्ट-इमर्जन्सीचा: रात्रभरात भरलेल्या खाटा, त्यांचे रिपोर्ट, सोनोग्राफीच्या वेळा, सरांचा राउंड, नातेवाइकांचे प्रश्न. खोलीचं कुलूप उघडतं ते गुरुवारी. थंडीचे दिवस आहेत खरे, पण आपली खान्देशातली थंडी पहाटेची. दुपारी बंद खोलीत डबा चांगला तापतो. त्यात भरताला वांग्याचं अंगचं पाणी, वरून कांद्याची पात. ते गुरुवारपर्यंत टिकणार तरी कसं?

म्हणून डबा गुरुवारी मागव. सोमवारच्या बाजारातलं वांगं गुरुवारी काही म्हातारं होत नाही. सावलीत टोपलीत ठेवलं की मजेत राहतं. एसटी गुरुवारीही सुटते, कंडक्टर गुरुवारीही डबा घेतो. मायने मंगळवार धरून ठेवला तो केवळ भाजी ताजी असावी म्हणून. तुझ्या युनिटचा वार तिला कुणी सांगितलाच नाही. इमर्जन्सी म्हणजे २४ तास नवे पेशंट घेणं, हे तिला कुठून ठाऊक असणार? तिच्या मते तू रोज दुपारी एकला जेवतेस.

आता हे सांगायचं कसं, हा अवघड भाग आहे. 'डबा पाठवू नको' असं म्हणू नकोस. आईला त्यातून 'तुझ्या हातचं आता लागत नाही' एवढंच ऐकू येतं. दोन कॉलच्या मधल्या तीन मिनिटांतही सांगू नकोस. निवांत वेळ मिळेल त्या संध्याकाळी फोन लाव आणि सरळ सांग: 'माय, मंगळवारी माझी रात्रंदिवस ड्यूटी असते. डबा तसाच पडून राहतो. बरेच डबे मी खाल्लेच नाहीत, टाकावे लागले. गुरुवारच्या गाडीने पाठव, म्हणजे त्याच रात्री बसून खाईन.' ती थोडा वेळ गप्प राहील. अन्न टाकलं हे शेतकऱ्याच्या घरात पटकन गिळलं जात नाही. मग विचारेल, 'मंग तू खायेस काय?' त्याचंही खरं उत्तर दे, बिर्याणीसकट.

तू म्हणशील, एवढं कशाला, वार बदलायला काहीही कारण सांगता येईल. येईल. पण ती बाई पहाटे उठून कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजते, डोळ्यांत धूर घेते, साली काढते, लाकडी बडगीत ठेचते, मिरची-लसूण कुटते. तिची मेहनत कुठे जाते हे कळण्याचा तिला हक्क आहे. शिवाय आईला असलं लगेच समजतं. 'एक नंबर' म्हणणारी पोरगी 'पातीचा कांदा जरा जास्त झाला होता' असं कधी म्हणत नाही म्हटल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली असणारच. तू तर खवय्यी. एरवी भरतात दाणे दोन कमी पडले तरी बोलली असतीस.

गुरुवारच्या डब्यात काय असावं, हेही तूच ठरव. आपलं निम्मं जेवण बांधावर बसून खाण्यासाठीच घडलेलं आहे, म्हणून ते रेसिडेंटला आयतं उपयोगी. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही ठेचा आणि कच्च्या तेलाबरोबर गोड लागते. दुधात भिजवलेल्या दशम्या प्रवासासाठीच असतात. शेंगदाण्याची नाहीतर लसणाची कोरडी चटणी आठवडाभर हलत नाही. ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या तर उन्हाळ्यातच करून ठेवलेल्या असतील. भाजलेली बिबडी, मूठभर शेंगदाणे, चिरलेला कांदा, वरून तेलाची धार. ताट नको, चमचा नको, कॉल आला तर अर्धी खिशात. (खिशात म्हटलं ते गमतीने. एप्रनच्या खिशात काय काय असतं हे मी चांगलं जाणते.)

आणि तुझी लाडकी शेवभाजी. रेसिडेंटसाठी त्याहून सोयीची भाजी मला ठाऊक नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा मायने वेगळ्या डब्यात आटवून पाठवायचा, जाड शेव कोरडी पिशवीत. रस्सा पोचल्याबरोबर फ्रीजरमध्ये छोट्या छोट्या वाट्यांत ठेव. बसशील तेव्हा एक वाटी उकळी येईपर्यंत गरम कर आणि तेव्हाच शेव टाक. आधी टाकलीस तर पिठलं होईल. कॉल आला तर रस्सा थांबतो, शेव थांबते, तूच तेवढी पळतेस. बाकीच्या भाज्यांना असला धीर नसतो.

फ्रीजरवरून आठवलं. वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये डबा ठेवायचा विचारही करू नकोस. तिथे इन्सुलिन असतं, २ ते ८ अंशांत राहायला हवं असतं, आणि तुझ्यासारखे चार जण डब्यासाठी दार उघडत बसले की ते राहत नाही. शेवटची कितीतरी वर्षं मी त्या फ्रिजची चावी कमरेला लावून हिंडले, आणि ठेच्याचा वास येणारं इन्सुलिन पाहून जे काही बोलले ते इथे छापता येणार नाही. ड्यूटी रूममध्ये सेकंडहँड छोटा फ्रिज घ्या, सगळे मिळून वर्गणी काढा.

आता वॉर्डात जेवायचं कसं. तुम्ही रेसिडेंट एक करता, ज्याचा सिस्टर लोकांना भयंकर राग येतो. भूक असह्य झाली की न सांगता गायब होता. मग खाट नंबर नऊची साखर घसरते आणि आम्ही तुमचा फोन शोधत बसतो. त्याऐवजी टेबलापाशी येऊन एवढं म्हण: 'सिस्टर, मी वीस मिनिटं जेवून येते. नऊ नंबरचं बीपी आत्ता बघितलंय, चौदाचं रक्त सुरू आहे, काही वाटलं तर फोन करा, नाहीतर वीस मिनिटांनी मी इथे.' असं सांगून गेलेल्या डॉक्टरला कुठलीही सिस्टर किरकोळ कारणासाठी उठवणार नाही. उलट पुढच्या वेळी तीच म्हणेल, 'मॅडम, आधी जेवून या, मग अ‍ॅडमिशन नोट लिहा.' आमच्याकडे ड्यूटीच्या वेळा ठरलेल्या, हातोहात चार्ज देण्याची सवय असलेली, म्हणून आम्ही जेवू शकतो. तुमच्याकडे काम कोणी कोणाला सोपवतच नाही. तुझ्या को-पीजीबरोबर, म्हणजे बरोबरीच्या रेसिडेंटबरोबर, ठरवून टाक, आधी तू वीस मिनिटं, मग तो. तो राजस्थानचा असेल तर आणखी छान. बट्टी नुसती भाजायची की वाफवून तुपात तळायची, यावर तीन वर्षं भांडता येईल.

जेवण वॉर्डात नाही, नर्सिंग टेबलावर नाही, आणि साबण-पाण्याने हात धुतल्याशिवाय नाही. हाताला चोळायच्या द्रावणाने प्रत्येक जंतू मरत नाही, हे तुला मी सांगायला नको, पण रात्री तीनला डॉक्टरही विसरतात.

तुझ्या सिनियरच्या नियमाबद्दल. 'खादाड' म्हणतात ते म्हणू देत, तेवढं अंगाला लावून घेण्यासारखं नाही. एकदा मायच्या हातचा ठेचा खाऊ घाल, निम्मे गप्प बसतील. 'आधी तातडीचं सॅम्पल, मग जेवण' हेही मी बरोबर मानते. पोटॅशियमचं किंवा ट्रोपोनिनचं सॅम्पल तुझ्या भाकरीसाठी थांबू शकत नाही. पण रुटीन सॅम्पल, उद्याच्या ओपीडीची यादी, कुणाचा झेरॉक्स, यासाठी माणसाला सकाळपासून रात्रीपर्यंत उपाशी ठेवायचं, किंवा काही चूक झाली म्हणून ठेवायचं, याला शिस्त म्हणत नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत रेसिडेंटला रास्त तास काम आणि दिवसात रास्त विश्रांती, कामाची निकड पाहून आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा असं लिहिलेलं आहे. 'रास्त' म्हणजे किती हे ज्याचं त्याने ठरवायचं, ही त्यातली मेख, हे मलाही कळतं. तरी कागद आहे. आणि जेवण तोडणं ही शिक्षा म्हणून वापरली जात असेल तर २०२१ पासून रॅगिंगविरोधी वेगळे नियम आहेत, प्रत्येक कॉलेजात समिती असावी लागते, मार्ड या रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेचा प्रतिनिधीही असतो. लगेच तक्रार कर असं मी म्हणत नाही. आधी युनिटमधल्या त्यातल्या त्यात शहाण्या सिनियरशी बोल. प्रत्येक युनिटमध्ये एक असतोच. पण शिक्षा होत असेल तर सोसत बसू नकोस.

आता ती पहाट. लाज वाटली म्हणतेस. मला सांग, त्या रात्री तू नाडी बघत होतीस ना? छातीतली घरघर कमी झाली का, तोंडातली लाळ आटली का, हे दर काही मिनिटांनी बघून डोस ठरवत होतीस ना? मग भरताने कुणाचं काय घेतलं? रात्रपाळीत आम्ही सिस्टर सगळ्यात जास्त कशावर बोलायचो, तर खाण्यावर. उद्या घरी कोणती भाजी, कुणाच्या लग्नात गंगाफळाची भाजी कशी झाली होती, कुणाच्या सासूची डाळगंडोरी कशी बिघडते. शेजारच्या खाटेवर माणूस अत्यवस्थ असायचा आणि एक डोळा त्याच्या मॉनिटरवर असायचा. दिवसभर उभ्या असलेल्या देहाला पहाटे चारला भूक लागते आणि तो घरचं मागतो. तुझ्या घरी हिवाळ्यात भरीत असतं म्हणून भरीत आठवलं. नागपूरची असतीस तर सांबारवडी आठवली असती.

त्या माउलीची भाकरी. नाही म्हणालीस ते बरोबरच केलंस. विषबाधेच्या पेशंटजवळ, त्याच्या अंगावरच्या-कपड्यांवरच्या विषारी औषधाला हात लागलेले असताना कुणी काही खाऊ नये, तिनेही नाही. चुकलं असेल तर तोंड फिरवणं तेवढं. 'मावशी, आत्ता हात खराब आहेत, तुमचा पोरगा उठून बसला की खाईन' म्हणाली असतीस तर तिला रात्र काढायला थोडं बळ आलं असतं. तो अजून वॉर्डात असेल तर आजही म्हणता येईल. पेशंटच्या घरून येणाऱ्या खाण्याबद्दल माझं मत असं: डिस्चार्जच्या दिवशी पेढे आले तर अख्ख्या वॉर्डात वाटावेत, वॉर्डबॉय मामा आणि आया मावशींसकट. घरी न्यायला म्हणून केळीचा घड किंवा तुपाचा डबा आला तर हात जोडून नको म्हणावं. आणि गरिबाने अर्धी भाकरी दिली तर, संसर्गाची भीती नसेल तेव्हा, बाहेर व्हरांड्यात उभं राहून त्यातला तुकडा मोडावा.

जीभ का ठेवून द्यायची नाही, ते आता सांगते. मेडिसिनच्या डॉक्टरला खाण्याची आवड असणं हे कामाचं आहे, फार कामाचं. खाण्याबद्दल पेशंटला नीट विचारणारे डॉक्टर मला थोडेच भेटले, आणि जे भेटले ते सगळे खवय्ये होते.

हार्ट फेल्युअरचा म्हातारा परत परत पायांना सूज घेऊन येतो. विचारलं की म्हणतो, मीठ बंद आहे. खरंच बंद आहे, ताटात वरून घेत नाही. पण रोज दोन ज्वारीचे पापड खातो, एखादी बिबडी, संध्याकाळी शेव-मुरमुरे, शिवाय लोणच्याची फोड. पापडात मीठ तर असतंच, वरून पापडखार, म्हणजे पुन्हा सोडियमच. याला तो मीठ धरतच नाही, कारण त्याच्या लेखी मीठ म्हणजे मिठाच्या बरणीतलं. 'बाबा, पापड किती?' हा प्रश्न जिला सुचतो तिच्या पेशंटची लॅसिक्सची, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारी, गोळी वाढवावी लागत नाही. तुला तो सुचेल. चार वर्षं मेसमध्ये पोळी-कोबी खाऊन ज्याचं काही बिघडलं नाही त्याला नाही सुचणार.

किडनीचा पेशंट रावेर-यावलकडचा असेल तर पहिला प्रश्न केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी भरताच्या वांग्यालाही मिळालं, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान. पण ज्याच्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही त्याच्या घरामागे केळीची बाग असणं ही मोठीच पंचाईत आहे. तो फळ म्हणून केळी मोजतच नाही. फळ म्हणजे त्याच्या मते सफरचंद, आजाऱ्याला आणतात ते. केळी येता-जाता खायची. त्याला 'फळं टाळा' सांगून काय उपयोग?

मधुमेहाचंही तेच. छापील तक्त्यात दोन पोळ्या आणि वाटीभर भात लिहिलेला असतो, आणि समोरचा माणूस दोन्ही वेळेला भाकरी खातो, भात सणावारी. त्याला भाकऱ्या किती आणि केवढ्या ते विचार, चहा किती वेळा आणि त्यात साखर किती ते विचार, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच्या ओपीडीत आमरस-पुरणपोळीबद्दल बोलून घे. पूर्ण बंद म्हणशील तर तो ऐकून घेईल आणि घरी जाऊन तीन वाट्या रस खाईल. 'एक वाटी, आणि त्या दिवशी पोळी एकच' म्हणशील तर निदान विचार करील.

सगळ्यात महत्त्वाचं, 'जेवलो नाही' यावर कधी विसंबू नकोस. आपल्याकडे जेवण म्हणजे भाकरी-भाजी. चहा, टोस्ट, केळं, मूठभर फुटाणे हे कुणी जेवणात धरत नाही. एंडोस्कोपीला 'उपाशीपोटी या' सांगितलेला माणूस अर्धा लिटर दुधाचा चहा पिऊन येतो आणि शपथेवर सांगतो की सकाळपासून काही खाल्लं नाही. त्याच्या भाषेत विचार: 'आज काय काय खादं? चहा पिना का?' मग बघ यादी कशी निघते. अहिराणी तुला घरातूनच आलेली आहे, ती वॉर्डाच्या दारात सोडून येऊ नकोस.

पुढे जिल्हा रुग्णालयातलं तीन महिन्यांचं पोस्टिंग येईल. पोरं ते शिक्षा समजतात. तुला नंदुरबारला पाठवलं आणि हिवाळा असला तर सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या मिरचीच्या पथाऱ्या बघून ये. लाल मिरची मैदानभर वाळत घातलेली असते आणि रस्त्यावरूनच ठसका लागतो. सातपुड्यातून उतरणारा आमचूरही घे. तिथले पेशंट काय खातात, हंगाम संपला की काय खात नाहीत, हे तुला बाजारात फिरून जेवढं कळेल तेवढं केसपेपरवरून कळणार नाही.

आपल्याकडे कितीतरी घरांत आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला हात लावत नाहीत. ते चालतं, कारण त्याला शेवटाची तारीख असते, ते आपण आपल्या मनाने धरलेलं असतं, आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून सोडायचं असतं. तू जे मागतेस त्याला यातलं काही नाही. तीन वर्षं बिस्किटांवर काढलेल्या माणसाला तीन वर्षांनी भूक लागत नाही, त्याला सुपरस्पेशालिटीची परीक्षा लागते. पुढे तोच कन्सल्टंट होऊन जे-आर-वनला विचारतो, 'जेवायला एवढा वेळ कशाला लागतो?' असले मी पुष्कळ पाहिले.

पित्त आणि वजनाबद्दल थोडक्यात, कारण हे तुझ्या पुस्तकात आहे. रात्रीच्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही, म्हणून मुख्य जेवण रात्रपाळी सुरू व्हायच्या आत, आठ-साडेआठला उरक. दोनला लागेल ती भूक दशमी, दही, शेंगदाणे-गुळावर भागव. बिर्याणी महिन्यातून एखाद्या वेळी, आणि तीही जागं असताना, उजेडात, ताटात वाढून. पॅन्टोप्राझोल ट्रॉलीतून उचलून खाणं आधी बंद कर. स्वतःच्या नावाने केसपेपर काढ, ओपीडीत रांगेत बस, हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड बघून घे, आणि ज्या डॉक्टरला दाखवशील त्याचं ऐक. आपलीच औषधं आपणच लिहिणारे डॉक्टर किती वाईट पेशंट असतात, यावर वेगळं सदर चालवता येईल.

ता. क. मधला इंडक्शन. नको. वॉर्डन पकडेल ही भीती म्हणून नाही, तर बहुतेक सरकारी हॉस्टेलांचं वायरिंग तुझ्या जन्माआधीचं असतं. एका मजल्यावर सहा इंडक्शन, चार गिझर आणि दोन इस्त्र्या एका वेळी लागल्या की काय होतं ते बघायची इच्छा ठेवू नकोस. मेसच्या आचाऱ्याशी दोस्ती कर. पोस्ट-ड्यूटीच्या दिवशी त्याच्या कुकरमध्ये मूठभर तूरडाळ-तांदळाची खिचडी लाव म्हटलं तर तो नाही म्हणणार नाही. डाळ मात्र आधी अर्धा तास भिजत घालायला सांग, फोडणीत शेंगदाणे जास्त, आणि वरून घ्यायचं तेल-लसूण तुझं तू घेऊन जा. मेसचं तेल मी खाल्लेलं आहे.